‘पर्यंत’ एक, अर्थ दोन

मराठीत शब्दयोगी अव्यय नामानंतर येते. इंग्रजीत तेच कार्य करणारा शब्द नामाच्या अगोदर येतो. ‘झाडाखाली’ म्हणजे ‘अंडर द ट्री’. अर्थानुसार या शब्दांचे स्थलवाचक (‘इन’, ‘ऑन’), दिशावाचक (‘टू’, ‘इन्टू’) व कालवाचक (‘बाय’, ‘टिल’) असे मुख्य प्रकार पडतात. पत्रव्यवहारात कालवाचक शब्द विशेष काळजीने योजावे लागतात. कारण मराठीतील एका ‘पर्यंत’साठी इंग्रजीत दोन शब्द आहेत.

‘पूल १५ जूनपर्यंत बंद करावा’ येथे क्रिया त्या दिवशी किंवा तत्पूर्वी पुरी व्हावयाची आहे, म्हणून ‘बाय’. ‘पूल १५ जूनपर्यंत बंद राहील’ येथे स्थिती त्या दिवसापर्यंत टिकावयाची आहे, म्हणून ‘टिल’. पहिल्या आदेशाने पावसाळ्यापूर्वी वाहतूक थांबते, दुसऱ्याने ती नेमकी पावसाळ्यात सुरू होते. दिवसांची मुदत द्यावयाची असल्यास, उदाहरणार्थ ‘३० दिवसांच्या आत’, ‘विदिन’ हा शब्द योग्य होय.

शिक्षकांनी केवळ शब्दार्थ पाठ करवून न घेता ‘क्रिया पुरी व्हावयाची, की चालू राहावयाची?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा. आदेशाचा मसुदा तपासतानाही हीच कसोटी उपयोगी पडेल.