शाळा, ज्युनियर आणि महाविद्यालय : बर्फावरील हॉकीच्या पायऱ्या

हॉकी हा शब्द उच्चारताच भारतीय वाचकाच्या डोळ्यांपुढे मैदान, चेंडू आणि टोकाशी वळलेली काठी उभी राहते. अमेरिकेत व कॅनडात याच शब्दाने बर्फावरचा खेळ समजला जातो. पोलादी पाती जडवलेले बूट घालून दोन्ही बाजूंचे पाच-पाच खेळाडू आणि एकेक गोलरक्षक रबराच्या एका कठीण चकतीसाठी झुंजतात. या चकतीला पक म्हणतात. रिंगण सुमारे २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असून सभोवती फळ्यांचे कुंपण असते. मुलांच्या खेळात पक ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या अंगावर धडकून तो सोडवून घेणे नियमाला धरून मानले जाते. हा नियम आरंभीच ध्यानात घ्यावयास हवा, कारण पुढील साऱ्या विवेचनाचे मूळ त्यातच आहे. ज्या खेळात शरीरावर शरीर आदळते, तेथे सोळा वर्षांचा मुलगा आणि वीस वर्षांचा तरुण यांच्यातील अंतर केवळ चार वर्षांचे राहत नाही.

शाळेचा संघ, ज्युनियर साखळीतील संघ आणि महाविद्यालयातील क्लबचा संघ यांपैकी कोणता अधिक बलवान, असा प्रश्न अमेरिकेतील पालक नेहमी विचारतात. प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो अपुरा आहे. या तीन पातळ्या एकाच शिडीच्या तीन पायऱ्या नव्हेत. प्रत्येकीचे वय वेगळे, खर्चाचा भार उचलणारा वेगळा आणि तिच्यापुढे उघडणारे दारही वेगळे. केवळ बळ तोलू पाहणाऱ्याच्या हाती चुकीचे माप येते.

शालेय हॉकीचे सर्वांत प्रसिद्ध क्षेत्र म्हणजे मिनेसोटा राज्य. तेथील शालेय राज्यस्पर्धा १९४५ साली सुरू झाली आणि पहिले विजेतेपद लोहखनिजाच्या खाणींच्या प्रदेशातील एव्हलेथ या गावाने मिळवले. तेथील मुले एकाच गल्लीत वाढतात, एकाच गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग शिकतात आणि चौदा-पंधराव्या वर्षी शाळेच्या संघात एकत्र येतात. खेळाडू दुसऱ्या गावाहून विकत आणलेला नसतो, तो शेजारच्या घरातला असतो. त्यामुळे सामना गावाचा होतो. कॅनडाच्या सीमेलगतच्या वॉररोड या गावाची वस्ती आजही दोन हजारांच्या आत आहे. १९६९ च्या अंतिम सामन्यात या गावाची गाठ मिनिआपोलिसलगतच्या इडायना या सुखवस्तू उपनगराशी पडली. वॉररोडचा आधार असलेला हेन्री बूशा हा ओजिब्वे जमातीचा तरुण दुसऱ्या सत्रात जायबंदी झाला आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. जादा वेळेत वॉररोड ५-४ असे हरले. विजेत्यांची नावे अनेकांना आठवत नाहीत, पण बूशाचे नाव त्या राज्यात पुढे अर्धशतक घेतले जात राहिले.

तरीही शालेय हॉकीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. मिनेसोटात नियमित हंगामात एका शाळेच्या वाट्याला पंचवीस सामने येतात. सत्रे वीस मिनिटांऐवजी सतरा मिनिटांची असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संघातील गुणवत्ता फार विषम असते. पहिल्या फळीत भावी व्यावसायिक खेळाडू आणि तिसऱ्या फळीत गणिताच्या तासानंतर हौसेने आलेला मुलगा, असे दृश्य दुर्मिळ नाही. शाळेतून थेट व्यावसायिक साखळीत पोचलेली काही नावे आहेत. साउथ सेंट पॉलचा फिल हाउस्ली १९८२ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सचा गोलरक्षक टॉम बरासो १९८३ मध्ये शालेय संघातून सरळ नॅशनल हॉकी लीगमध्ये गेले. बरासोने तर पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदिताचा आणि सर्वोत्तम गोलरक्षकाचा असे दोन्ही बहुमान पटकावले. अशा उदाहरणांनी अनेक घरांत आशा पेटवली, पण ही उदाहरणे अपवादाची होत. बूशाही शाळेनंतर आधी कॅनडातील ज्युनियर साखळीत गेला आणि मग १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक विजेत्या अमेरिकन संघात खेळला.

ज्युनियर हॉकी ही मूळची कॅनडाची संस्था. पहिल्या महायुद्धात पडलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ ठेवलेला मेमोरियल चषक १९१९ पासून ज्युनियर संघांसाठी खेळला जातो. येथे वयाची मर्यादा साधारणतः सोळा ते वीस वर्षांची असते. संघ शाळेचा नसतो, तो गावातील एका मालकाचा किंवा मंडळाचा असतो आणि तिकिटे विकून चालतो. ऑन्टारियो, क्वेबेक आणि पश्चिमेकडील प्रांत यांच्या तीन प्रमुख साखळ्या मिळून कॅनेडियन हॉकी लीग बनते. ऑन्टारियो आणि पश्चिमेच्या साखळ्यांत एका हंगामात प्रत्येक संघ अडुसष्ट सामने खेळतो. सोळाव्या वर्षी मुलगा घर सोडतो, शेकडो मैलांवरच्या गावी एखाद्या अनोळखी कुटुंबात राहतो, सकाळी तेथील शाळेत जातो आणि रात्री बसमधून पुढच्या सामन्याला निघतो. संघांना त्याची अदलाबदल करण्याचा अधिकार असतो. हिवाळ्याच्या मध्यात एका दुपारी दूरध्वनी येतो आणि मुलाला आपले सामान बांधून दुसऱ्या प्रांतात जावे लागते. ज्या वयात आपल्याकडे मुलगा शालान्त परीक्षेच्या निकालाची वाट पाहतो, त्या वयातले हे जीवन आहे.

अमेरिकेत ज्युनियर हॉकीचे तीन स्तर मानले जातात. आयोवा, नेब्रास्का अशा मध्यवर्ती राज्यांत पसरलेली युनायटेड स्टेट्स हॉकी लीग ही पहिल्या स्तराची असून तेथे खेळण्यासाठी खेळाडूला शुल्क द्यावे लागत नाही. टेक्ससपासून अलास्कापर्यंत विखुरलेली नॉर्थ अमेरिकन हॉकी लीग ही दुसऱ्या स्तराची आहे. तिसऱ्या स्तरावर मात्र चित्र पालटते. येथे बहुधा खेळाडूच संघाला पैसे देतो, आणि हंगामाचा खर्च हजारो डॉलरांच्या घरात जातो. संघाचे नाव ज्युनियर, गणवेश ज्युनियरचा, प्रवासही ज्युनियरसारखाच. पण पुढची वाट क्वचितच त्या नावाला साजेशी निघते. खरी तुलना येथून सुरू होते.

ही वाट मुख्यतः विद्यापीठाकडे नेणारी आहे. नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था विद्यापीठांच्या अधिकृत संघांच्या स्पर्धा घेते. तिची पहिली हॉकी अजिंक्यपदस्पर्धा १९४८ साली कोलोराडो स्प्रिंग्ज येथे झाली आणि मिशिगन विद्यापीठाने ती जिंकली. प्रथम विभागातील पुरुषांचे संघ साठाहून थोडेच अधिक आहेत. तृतीय विभागातील महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. १९८० मध्ये लेक प्लॅसिड येथे सोव्हिएत संघाला ४-३ असे नमवणारा अमेरिकन संघ प्रामुख्याने विद्यापीठांतून आलेल्या तरुणांचा होता. त्याचा प्रशिक्षक हर्ब ब्रूक्स स्वतः सेंट पॉलमधील एका शाळेच्या संघातून पुढे आला होता. त्या विजयाने विद्यापीठीय हॉकीची प्रतिष्ठा वाढली, आणि जागा मर्यादित असल्यामुळे प्रवेशद्वारी गर्दीही वाढली.

गर्दी वाढली की वय वाढते. अठराव्या वर्षी शाळा संपवणाऱ्या मुलाला प्रशिक्षक सांगतात, एक-दोन वर्षे ज्युनियर खेळून ये. म्हणून प्रथम वर्षाच्या वर्गात वीस वर्षांचा, पूर्ण वाढलेला तरुण प्रवेश घेतो. थेट शाळेतून येणाऱ्या मुलाला त्याच्याशी टक्कर द्यावी लागते. २००५ मध्ये वॉररोडचाच टी. जे. ओशी शाळेतून सरळ नॉर्थ डकोटा विद्यापीठात गेला, पण ती झेप सर्वसामान्य मुलाच्या आवाक्यातली नव्हती. शाळा संपल्यावर ज्युनियरमध्ये काढलेली दोन वर्षे म्हणजे पदवी दोन वर्षांनी लांबणीवर टाकणे. ज्याच्यासाठी पहिल्या स्तराच्या संघाने जागा राखली आहे, त्याला हा सौदा परवडेल. जो तिसऱ्या स्तरावर स्वतःचे पैसे मोजतो आहे, त्याने अधिकृत विद्यापीठीय संघात स्थान मिळण्याची शक्यता किती, हे थंड डोक्याने विचारावयास हवे. हा विचार पुष्कळदा केला जात नाही. ज्युनियर या शब्दाची मोहिनी मुलांपेक्षा वडिलांवर अधिक चालते, हे या क्षेत्रातील एक उघड गुपित आहे.

अशा मुलापुढे आणखी एक वाट असते आणि तिच्याकडे सहसा दुय्यम दृष्टीने पाहिले जाते. ती म्हणजे महाविद्यालयाचा क्लब. १९९१ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन कॉलेजिएट हॉकी असोसिएशन अशा क्लबांच्या स्पर्धा भरवते. पुरुषांचे तीन आणि स्त्रियांचे दोन विभाग आहेत. क्लबचा संघ विद्यापीठाचे नाव व रंग धारण करतो, परंतु बहुतेक ठिकाणी त्याचा खर्च खेळाडूंच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून भागतो. खेळासाठी शिष्यवृत्ती सहसा नसते. रिंगण स्वस्तात मिळावे म्हणून सराव रात्री उशिरा होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या व्याख्यानाला हजर राहावेच लागते. परंतु चार वर्षांच्या अखेरीस खेळाडूच्या हाती पदवी असते, आणि ती त्याच्या वर्गमित्रांच्या बरोबरीने मिळालेली असते.

बळाची तुलना करावयाचीच झाली, तर एवढे म्हणता येईल की क्लबच्या पहिल्या विभागातील आघाडीच्या संघांत दुसऱ्या व तिसऱ्या स्तराच्या ज्युनियर साखळ्यांतून आलेले तरुण मोठ्या संख्येने असतात. असा संघ सामान्य शालेय संघाला सहज भारी पडेल. त्यात विशेष कौतुक नाही, कारण एकीकडे बावीस वर्षांचे पुरुष आणि दुसरीकडे सोळा वर्षांची मुले आहेत. उलट क्लबच्या तिसऱ्या विभागात शाळेनंतर कधीही ज्युनियर न खेळलेले पुष्कळ विद्यार्थी आढळतात, आणि एखादी नामांकित शाळा त्यांना हरवू शकेल. अर्थात, दोन वर्षे व हजारो डॉलर खर्चून तिसऱ्या स्तरावरून आलेला खेळाडू आणि थेट शाळेतून आलेला विद्यार्थी पुष्कळदा एकाच क्लबच्या बाकावर शेजारी बसलेले दिसतात. पहिल्याचा हात कदाचित थोडा अधिक तयार असेल. दुसरा पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असतो.

मुलींच्या बाबतीत हा गुंता बराच सुटा आहे. अंगावर धडक देण्याचा नियम तेथे नाही आणि ज्युनियरची लांब प्रतीक्षाही नाही. त्या बहुधा शाळेतून किंवा गावच्या संघातून सरळ विद्यापीठात जातात. मिनेसोटाने १९९४ मध्ये मुलींच्या हॉकीला शालेय खेळाची मान्यता दिली आणि विद्यापीठीय संघटनेने स्त्रियांची अजिंक्यपदस्पर्धा २००१ पासून सुरू केली.

दीर्घकाळ कॅनडाच्या प्रमुख ज्युनियर साखळीत खेळलेल्या मुलाला अमेरिकन विद्यापीठांची दारे बंद होती. तेथे मिळणाऱ्या अल्प भत्त्यामुळे आणि व्यावसायिक करार केलेल्या सहकाऱ्यांमुळे विद्यापीठीय संघटना त्याला हौशी मानत नसे. परिणामी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला, ज्याचे अजून मिसरूड फुटलेले नाही, कायमची निवड करावी लागे : ज्युनियर की विद्यापीठ. नोव्हेंबर २०२४ मध्ये संघटनेने हा नियम रद्द करण्याचे ठरवले आणि १ ऑगस्ट २०२५ पासून दार उघडले. त्याच उन्हाळ्यात मेडिसिन हॅट या पश्चिमेकडील संघाचा गॅव्हिन मकेना, जो त्या वर्षी कॅनेडियन हॉकी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, त्याने पेन स्टेट विद्यापीठाची निवड केली.

या निवडीत एक गंमत दडली आहे. पेन स्टेटचा संघ अनेक दशके क्लबच होता. क्लबांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने वारंवार विजेतेपद मिळवले, परंतु अधिकृत संघ उभारण्यासाठी विद्यापीठाजवळ साजेसे रिंगणही नव्हते आणि निधीही नव्हता. २०१० मध्ये एका माजी विद्यार्थ्याने कोट्यवधी डॉलरांची देणगी दिली आणि २०१२ च्या हंगामापासून संघ प्रथम विभागात खेळू लागला. २०२५ मध्ये त्याने पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. मिसूरीतील लिंडनवुड विद्यापीठाचा क्लबही २०२२ मध्ये याच मार्गाने वर गेला.

ॲरिझोना स्टेटची कथा वाळवंटातील असल्याने अधिक विस्मयकारक वाटते. तेथील क्लबने २०१४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि पुढच्याच वर्षी त्याचा अधिकृत संघ झाला. आरंभी हा संघ टेम्पी येथील एका लहानशा सार्वजनिक रिंगणात खेळत असे. २०२२ मध्ये त्याच्यासाठी नवे क्रीडागृह उघडले आणि दोन हंगाम एका व्यावसायिक संघालाही तेथेच आसरा घ्यावा लागला. क्लब मात्र बंद पडला नाही. अधिकृत संघ स्वतंत्र झाल्यावरही विद्यार्थ्यांनी तो चालू ठेवला. आज त्या विद्यापीठाच्या नावाने अधिकृत आणि क्लबचे अशा दोन्ही प्रकारचे पुरुष संघ बर्फावर उतरतात. एकातील खेळाडू विद्यापीठाच्या खर्चाने विमानाने प्रवास करतात, आणि दुसऱ्यातील विद्यार्थी हंगामाच्या आरंभी आपली वर्गणी भरतात.