नवसाचा नसलेला देव

आमच्या घरात माळ सासऱ्यांपासून आहे. ते आळंदी ते पंढरपूर पायी जायचे, त्यांच्या मागून हे जायला लागले. मी सून म्हणून फलटणला आले ती स्वयंपाकघरातली वारी करायला. ज्ञानेश्वर माउलींची पालखी गावात मुक्कामाला आली की आमच्या दिंडीचं एक जेवण आमच्याकडे असायचं. त्या दोन दिवसांत माझं शिलाई मशीन झाकलेलं असे आणि अंगणात पिठल्याची पातेली असत. मग मधुमेहानं ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. विठोबाशी माझी खरी ओळख त्यानंतरची. तेव्हापासून जे कळत गेलं ते लिहिते आहे, सुचेल त्या क्रमानं.

१. नवस बोलायची घाई करू नये

आजारपण कळल्यावर पंधरा दिवसांत घरात नवसांची यादी तयार झाली. जाऊबाईंनी तुळजापूरचं सांगितलं, माहेरच्यांनी शिखर शिंगणापूरचं. सगळं प्रेमापोटी. मी सासूबाईंना विचारलं, विठोबाला काय बोलू? त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "त्याला काही बोलायचं नसतं गं. तो नवसाचा देव न्हाई. त्याच्याकडं नुसतं जायचं असतं."

तेव्हा मला राग आला. जो काही देणारच नाही त्याच्याकडे एवढी माणसं उन्हापावसात पायी कशाला जातात? पण पुढे हेच वाक्य मला तारून गेलं. नवस बोलले असते तर महिन्या-महिन्याला रक्ताचा रिपोर्ट हातात आला की हिशोब मांडत बसले असते : देवानं ऐकलं का, आपलंच काही कमी पडलं का? क्रिएटिनिन वाढलं म्हणजे विठोबा रागावला नाही आणि कमी झालं म्हणजे पावला नाही, एवढं एकदा मनात पक्कं झालं आणि दवाखान्यात जाणं सोपं झालं. डायलिसिसचे पैसे महात्मा फुले योजनेतून भागले. त्याबद्दल मी सरकारचे आभार मानते आणि विठोबाचेही, दोघांत भांडण लावत नाही.

२. भाव आटला तर नेम धरावा

कीर्तनात भावाबद्दल फार बोलतात. नेमाबद्दल कमी बोलतात, कारण त्यात रंगवून सांगण्यासारखं काही नाही. संध्याकाळी हरिपाठ म्हणायचा, बस्स.

आजारपणाच्या पहिल्या वर्षात मला देवाबद्दल काहीही वाटत नव्हतं. राग नाही, प्रेम नाही, काहीच नाही. तरी हरिपाठ चालू ठेवला तो केवळ ह्यांच्यासाठी. त्यांच्या हाताच्या फिस्टुलात दोन जाड सुया, एका नळीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. कुशीवर वळायची सोय नाही. हरिपाठ सावकाश म्हटला तरी पाऊण तासात संपतो आणि मशीन चार तास चालतं. संपला की आम्ही पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या खाटेवरचे काका आधी वैतागायचे, मग तेही गुणगुणायला लागले. त्यांना निम्मे शब्द येत नव्हते, चाल मात्र बरोबर होती.

कधीतरी लक्षात आलं की मन कुठेही असलं तरी तोंड म्हणतंय, आणि तोंड म्हणतंय म्हणून श्वास एका लयीत चाललाय, आणि म्हणून हात थरथरत नाहीयेत. याला भक्ती म्हणायचं की नाही हे मोठ्या माणसांनी ठरवावं. माझं काम झालं.

३. एकादशी ताटात नसते

हे शिकायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि घरात सगळ्यात जास्त रडारडही यावरच झाली.

माळकऱ्याची एकादशी म्हणजे काय हे घरातल्या माणसालाच कळतं. माळ घालताना जे कबूल केलेलं असतं त्यात मांस-मद्य वर्ज्य, पंढरीची वारी आणि एकादशी हे मुख्य. हे आजारी पडेपर्यंत एकही एकादशी चुकली नव्हती. आणि आहारतज्ज्ञ बाईंनी जो कागद हातात दिला त्यात टाळायच्या वस्तूंमध्ये बटाटा, रताळं, केळं, शेंगदाणे, खजूर, शहाळं. मी तो कागद वाचला आणि मला हसूच आलं. आमच्या उपवासाची सगळी पिशवीच त्यात होती! किडनी काम करत नसली की पोटॅशियम रक्तात साचतं आणि ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणजे शेंगदाण्याचं कूट घातलेली खिचडी आणि बटाट्याची भाजी हे आमच्यासाठी आता पुण्याचं जेवण नव्हतं. निर्जळी तर विसराच, मधुमेह होता. उलट बाजूनं पाणीही मोजूनमापून. देवळातलं पळीभर तीर्थसुद्धा मी दिवसाच्या हिशोबात धरायची आणि ह्यांना त्याचा फार संताप यायचा.

हे दोन एकादश्या ऐकलेच नाहीत. तिसऱ्या वेळी मी दिंडीच्या महाराजांना फोन लावला आणि ह्यांच्या कानाला दिला. महाराज शेतकरी माणूस, बोलणं तुटक. त्यांनी विचारलं, "भगर चालते का?" चालते म्हटल्यावर म्हणाले, "मग मूठभर भगर खा. आणि तेही सोसंना झालं तर भाकरी खा आणि नाव घे. मेल्यावर कुठली एकादशी करणार?"

त्यानंतर एकादशीला आमच्याकडे भगर शिजते, सोबत थोडं ताक, तेही वाटीनं मोजून. बटाटा अजिबात नाही. पण उरलेला दिवस आम्ही बदलला. त्या दिवशी कुणावर चिडायचं नाही असं ठरवलं. सांगते, उपाशी राहण्यापेक्षा हे कठीण आहे. दुपारी चारपर्यंतच टिकतं.

४. पुंडलिकाची गोष्ट सांगणाऱ्यानं एक रात्र जागून पाहावं

आई-वडिलांची सेवा चालली होती म्हणून पुंडलिकानं देवाकडे वीट फेकली आणि थांब म्हणाला, ही गोष्ट मला किती जणांनी ऐकवली असेल! "तुम्ही घरीच पंढरी करताय, वहिनी." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण असं म्हणून माणूस चहा पिऊन निघून जातो, आणि रात्री दोनला पायात गोळे आले की पाय चोळायला मीच असते.

तरी ती गोष्ट मी टाकून दिली नाही. तिच्यात मला एक जागा सापडली, जी कीर्तनात फारशी कुणी सांगत नाही. पुंडलिकानं देवाला वाट बघायला लावली आणि त्याबद्दल माफी मागितलेली नाही. मीही मागायची सोडली. पूजा राहिली तर राहिली. ज्या दिवशी ह्यांना बीपी उतरून चक्कर आली त्या दिवशी देवघरातला दिवा लागला नाही, आणि रात्री देवासमोर उभं राहून मी कान पकडले नाहीत.

५. तक्रार असेल तर टाळ वाजवत राहावा

माउलींच्या पालखीसोबत जे चाललेत त्यांना समाजआरती माहीत असेल. मुक्कामाच्या तळावर पालखी मधोमध येते, भोवती दिंड्या उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला दंड वर करतात आणि हजारो माणसं एका क्षणात गप्प होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती गप्प होत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झालं ते ऐकतात आणि तिथल्या तिथे निवाडा होतो. त्यानंतर हरवल्या-सापडल्याच्या वस्तू सांगतात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात आणि आरती होते. पंढरीच्या वाटेवरची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. आरती थांबते, तक्रार ऐकली जाते, आणि तक्रार करणाऱ्याला कुणी नास्तिक म्हणत नाही.

आमच्या गावच्या विमानतळावरच्या तळावर हे मी लग्नापासून पाहत आले, पण त्याचा उपयोग आजारपणात झाला. एका पावसाळ्यात ह्यांचा फिस्टुला बंद पडला. नवीन करेपर्यंत मानेत कॅथेटर, त्याला जंतुसंसर्ग, थंडी वाजून ताप. तेव्हा मी विठोबाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नंतर जीव धास्तावला. आमच्या दिंडीतल्या एक म्हाताऱ्या आत्या आहेत, तुळस डोक्यावर घेऊन चालतात. त्या म्हणाल्या, "जनीनं काय कमी शिव्या दिल्या का? नामदेवानं दिल्या. वाच की." वाचलं. खरंच दिल्यात. तुकाराम महाराजांचं तर विचारूच नका. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, धंद्याचं दिवाळं निघालं, आणि पुढे त्यांनी देवाशी इतकी हुज्जत घातली की ती वाचताना आपल्यालाच संकोच वाटावा. पण बोलणं थांबवलं नाही.

मी तेच करते. भांडते, पण समोर उभी राहून भांडते.

६. मागच्या जन्माचं दुसऱ्याच्या घरी काढू नये

यावर जास्त लिहीत नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून "भोग आहेत" म्हणणाऱ्यांना आम्ही दुसरा चहा देत नाही.

७. पायरीपर्यंत गेलं तरी वारी होते

२०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला गेल्या. सगळे वारकरी घरात बसून टीव्हीकडे बघत रडत होते. हे मात्र त्या वर्षी शांत होते. म्हणाले, "आता सगळेच माझ्यासारखे." त्यात थोडा आनंदही होता, मी नाकारणार नाही.

निर्बंध उठल्यावर एकदा दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी आम्ही जीप करून पंढरपूरला गेलो. आषाढी-कार्तिकीची गर्दी टाळून साधा दिवस धरला, तरी पदस्पर्शाची रांग ह्यांना झेपणारी नव्हती. मुखदर्शनाच्या रांगेतही उभं राहवेना. वारकऱ्यांत याला उत्तर आहे : कळसाचं दर्शन घ्यावं, नामदेव पायरीला डोकं टेकवावं आणि परतावं. यात्रेत लाखो माणसं हेच करतात आणि त्यांची वारी कुणी अपुरी मानत नाही.

ह्यांनी पायरीला हात लावला आणि समोरच्या चोखोबांच्या समाधीपाशी बराच वेळ बसून राहिले. आपणही दाराबाहेरच राहिलो, असं काहीसं बोलले. मला ते पटलं नाही आणि मी तिथेच सांगितलं. आपल्याला अंगात बळ नाही म्हणून आत जाता आलं नाही. चोखोबांना माणसांनी बाहेर ठेवलं, आणि ते दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. आपलं दुखणं त्यांच्या दुखण्याशेजारी मांडू नये. ह्यांनी ऐकून घेतलं. मग पुन्हा वाकून नमस्कार केला, या वेळी आधीपेक्षा जास्त वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मशीनवर नंबर होता, त्यामुळे चंद्रभागेवर न थांबता निघालो. ऊन कडक होतं. वाखरी मागे पडल्यावर ह्यांनी पाणी मागितलं. दिवसाचं माप संपलं होतं म्हणून मी नुसता बर्फाचा खडा दिला. "पंढरीहून येतोय, आज तरी हिशोब सोड," म्हणाले. मी बाटली पायाखाली सरकवली. यावरून जे भांडण लागलं ते नातेपुते ओलांडेपर्यंत चाललं, आणि जीपवाल्याला त्यात मजा येत होती.