मोबाईलवरील सेवा निवडताना : सोय किती, माहिती किती?

शेती व्यवसायात मोबाईल फोनला आज महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, सातबारा उतारा, पीक पाहणीची नोंद, पीक विमा, कृषी सेवा केंद्रातील देणे आणि बँकेतील शिल्लक या सर्व बाबी हातातील फोनवर पाहता येतात. पूर्वी एका उताऱ्यासाठी तालुक्याला जाण्यात दिवस मोडत असे. ऐन पेरणीत किंवा काढणीत असा दिवस मोडणे परवडत नाही. त्यामुळे ही सोय नाकारणे शहाणपणाचे ठरणार नाही. परंतु प्रत्येक सोयीबरोबर आपण स्वतःची काही माहिती देत असतो. ती चुकीच्या हाती पडल्यास पीककर्जाची किंवा अनुदानाची रक्कम काही मिनिटांत खात्यातून जाऊ शकते. म्हणून कोणत्या सेवेला किती माहिती द्यावी, याचा विचार शेतकरी बंधू-भगिनींनी करणे आवश्यक आहे.

सोयीचा मोबदला

बरीच ॲप्स विनामूल्य असतात. ती चालविण्याचा खर्च बहुधा जाहिरातींतून किंवा मालाच्या विक्रीतून निघतो आणि त्यासाठी वापरणाऱ्याची माहिती उपयोगी पडते. उदाहरणार्थ, पीक सल्ल्याचे ॲप तुमचे पीक, क्षेत्र आणि पेरणीची तारीख विचारते. त्यावरून तुम्हाला फवारणीचे वेळापत्रक मिळते. त्याच माहितीवरून कोणत्या गावात, कोणत्या आठवड्यात, कोणते औषध किती खपेल हे विक्रेत्याला समजते. यात मुळात गैर काही नाही. सल्ला उपयोगी असेल तर एवढी माहिती देण्यास हरकत नसावी. मात्र तेच ॲप फोनमधील सर्व नावांची यादी मागत असेल, तर फवारणीच्या सल्ल्याशी तिचा संबंध काय, हे विचारले पाहिजे.

माती परीक्षणानुसार खताची मात्रा ठरवितो, तसेच येथे करावे. कामापुरती माहिती द्यावी. कमी दिल्यास काम होत नाही आणि जास्त दिल्यास फायदा न होता धोका तेवढा वाढतो.

कोणती माहिती किती जपावी?

सर्वच माहिती सारखी नाजूक नसते. तिचे तीन गट करता येतात.

१) उघड माहिती : गट नंबर माहीत असल्यास सातबारा संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. पीएम किसान योजनेच्या लाभार्थ्यांची गावनिहाय यादीही संकेतस्थळावर पाहता येते. यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी. फोनवरील व्यक्तीने तुमचे नाव, गट नंबर आणि क्षेत्र बिनचूक सांगितले, म्हणजे ती व्यक्ती शासकीय कर्मचारी आहे असे सिद्ध होत नाही.

२) जपून द्यावयाची माहिती : मोबाईल क्रमांक, आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक, फोनचे ठिकाण, फोटो आणि फोनमधील नावांची यादी. ही माहिती काही सेवांना द्यावीच लागते. कोणाला व कशासाठी देतो हे पाहून द्यावी.

३) फोनवरून कोणालाही न सांगावयाची माहिती : बँकेचा ओटीपी, यूपीआय पिन, एटीएम कार्डाचा पिन आणि कार्डामागील तीन आकडे. तसेच अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून फोनचा पडदा दुसऱ्याला दिसेल असे ॲप घेऊ नये.

ॲप घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१) हे ॲप कोणाचे आहे? प्ले स्टोअरवर ॲपच्या नावाखाली ते तयार करणाऱ्याचे नाव असते. शासकीय योजनांच्या नावांशी मिळतीजुळती नावे खाजगी ॲप्सनाही असतात. खात्री नसल्यास कृषी सहाय्यक किंवा तलाठी यांना विचारावे.

२) हे काम ॲपशिवाय होते का? बाजारभाव पाहणे किंवा अर्जाची स्थिती पाहणे यांसारखी कामे बहुधा संकेतस्थळावरही होतात. वर्षातून एकदाच लागणाऱ्या कामासाठी ॲप फोनमध्ये कायम ठेवण्याची गरज नसते.

३) ते काय मागते आणि ते कामाशी जुळते का?

४) नको म्हटले तर काय अडते? परवानगी नाकारून पाहावी. काम झाले, तर ती परवानगी लागत नव्हती असे समजावे.

५) पुढे ते बंद करता येईल का? खाते काढून टाकण्याची सोय आहे किंवा नाही, हे आधीच पाहावे.

परवानगी देताना

खालील तक्त्यात नेहमीच्या काही ॲप्सना कोणती परवानगी लागते, हे दिले आहे.

तक्ता १ : ॲपचा उपयोग आणि परवानगी

१) ई-पीक पाहणी : ठिकाण आणि कॅमेरा दोन्ही आवश्यक. पिकाचा फोटो त्याच शेतातील आहे हे ठिकाणावरून ठरते.
२) विजेची पूर्वसूचना देणारे दामिनी ॲप : ठिकाण आवश्यक. जवळपास वीज पडत असल्यास सूचना देणे हेच त्याचे काम आहे.
३) हवामान अंदाज : जिल्हा किंवा तालुका निवडणे पुरेसे. फार तर अंदाजे ठिकाण द्यावे.
४) बाजारभाव : बाजार समिती निवडणे पुरेसे. ठिकाण, कॅमेरा, नावांची यादी यांची गरज नाही.
५) रोग-कीड ओळखणारे ॲप : कॅमेरा आवश्यक. नावांची यादी व संदेश वाचण्याची परवानगी अनावश्यक.
६) टॉर्च, कॅलेंडर, गणकयंत्र : मूळ कामासाठी ठिकाण, नावांची यादी किंवा संदेश यांपैकी काहीही लागत नाही.

दामिनी ॲप पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केले आहे. पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्याचा जीव वाचविणारी सूचना त्यातून मिळू शकते. अशा ठिकाणी ठिकाणाची माहिती न देणे हे नुकसानीचेच ठरेल. ई-पीक पाहणी राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. पिकाची नोंद न झाल्यास नुकसानभरपाई आणि शासकीय खरेदीच्या वेळी अडचण येते. म्हणून तेथेही मागितलेली परवानगी द्यावी.

ॲन्ड्रॉइड फोनमध्ये ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन प्रत्येक ॲपला दिलेल्या परवानग्या पाहता व बदलता येतात. ठिकाणासाठी शक्यतो ‘ॲप वापरत असतानाच’ हा पर्याय निवडावा. नवीन फोनमध्ये अचूक ठिकाणाऐवजी अंदाजे ठिकाण देण्याचाही पर्याय असतो.

नावांच्या यादीबाबत विशेष काळजी घ्यावी. तिच्यात भावकीतील माणसे, शेजारी, मजूर आणि व्यापारी यांचे क्रमांक असतात. ती दिल्याने आपल्याबरोबर त्यांचीही माहिती जाते आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

व्हॉट्सॲपवर आलेली ॲप्स

पीएम किसान, थकीत वीजबिल, वाहनाचा दंड किंवा लग्नपत्रिका अशा नावाने ‘एपीके’ प्रकारची फाईल पाठविली जाते. ती उघडून फोनमध्ये घेतल्यास व मागेल त्या परवानग्या दिल्यास चोरास फोनवर आलेले संदेश वाचता येतात. मग ओटीपी कोणास न सांगताही तो चोरापर्यंत पोहोचतो. अशी फाईल गावाच्या ग्रुपवर ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नये. त्याचाही फोन फसलेला असू शकतो. ॲप नेहमी प्ले स्टोअरवरून किंवा खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे.

आधार आणि कागदपत्रे

राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक करण्यात आला आहे. त्यासाठी आधार लागते. मात्र लॉजवर, सिमकार्डाच्या दुकानात किंवा एखाद्या विक्रेत्याकडे आधारची पूर्ण प्रत देण्यापूर्वी पुढील सोयी लक्षात घ्याव्यात.

- आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून पहिले आठ आकडे झाकलेली प्रत घेता येते. केवळ ओळख पटवायची असेल तेथे ती द्यावी.
- आधार क्रमांकाऐवजी वापरता येणारा १६ आकडी आभासी क्रमांक तयार करता येतो व तो केव्हाही बदलता येतो.
- बोटांच्या ठशांना कुलूप लावता येते. ठसा देऊन पैसे काढण्याच्या व्यवहारातील फसवणूक यामुळे रोखता येते. ठसा द्यावयाच्या वेळी कुलूप तात्पुरते उघडावे.
- झेरॉक्स प्रतीवर ती कोणत्या कामासाठी दिली ते व तारीख आडवी लिहावी.

सेवा केंद्रावर अर्ज भरताना आधारचा ओटीपी द्यावा लागतो. तेव्हा स्वतः समोर बसावे, आलेला संदेश पूर्ण वाचावा आणि तो ओटीपी त्याच कामासाठी आहे याची खात्री करूनच द्यावा. संदेश बँकेकडून आलेला असेल, तर तो अर्जासाठी नसतो. काम झाल्यावर केंद्राच्या संगणकावरील व व्हॉट्सॲपवरील आपली कागदपत्रे काढून टाकण्यास सांगावे. यात संकोच बाळगू नये.

पैशाचे व्यवहार

यूपीआयमुळे सुट्या पैशांची अडचण व बँकेतील हेलपाटे कमी झाले. ही सोय वापरताना एक नियम पाठ करावा : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पैसे येणार असे सांगून कोणी पिन टाकण्यास सांगत असेल, तर पैसे जाणार आहेत.

पीककर्ज व माल विक्रीची रक्कम ज्या खात्यात येते, ते खाते शक्यतो रोजच्या यूपीआय व्यवहारासाठी जोडू नये. थोडी रक्कम असलेले दुसरे खाते त्यासाठी ठेवावे. त्यामुळे सोय राहते आणि फसवणूक झालीच तर नुकसान मर्यादित राहते. मोबाईल क्रमांक बदलल्यास बँकेत व आधारमध्ये तो लगेच बदलून घ्यावा. बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ शकतात.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सपासून विशेष सावध राहावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार व २०२५ च्या निर्देशांनुसार कर्जाच्या ॲपने फोनमधील नावांची यादी, फोटो-फाईली व कॉलची नोंद घ्यावयाची नाही. जे ॲप ती मागते, ते हप्ता थकल्यावर नातेवाइकांना फोन करून बदनामी करण्यासाठी ती वापरू शकते. हंगामात पैशाची निकड असली तरी असे ॲप टाळावे व सोसायटी किंवा बँकेकडे जावे.

कायद्याचा आधार

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतली जाते हे सोप्या भाषेत सांगणे, दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता येणे आणि माहिती काढून टाकण्याची मागणी करता येणे, या त्यातील प्रमुख बाबी आहेत. सूचना मराठीत वाचण्याचा पर्यायही त्यात आहे.

फसवणूक झाल्यास

वेळ दवडू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेस कळवून खाते व कार्ड थांबवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरण्यापूर्वी तक्रार झाल्यास ती अडविण्याची शक्यता अधिक असते. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प राहिल्यास नुकसान वाढते. घरातील वडीलधाऱ्यांना व महिलांनाही हा क्रमांक माहीत करून द्यावा.

प्रत्येक हंगामापूर्वी आपण अवजारांची दुरुस्ती करतो व बियाण्याची उगवणशक्ती तपासतो. त्याच वेळी अर्धा तास काढून फोनचीही तपासणी करावी. न वापरलेली ॲप्स काढावीत, परवानग्या पाहाव्यात, पिन बदलावा व फोनला कुलूप लावावे. सोय आवश्यक तेवढी घ्यावी आणि माहिती कामापुरतीच द्यावी. याप्रमाणे काळजी घेतल्यास मोबाईलचा लाभ शेतीस मिळेल आणि कष्टाचा पैसाही सुरक्षित राहील.