‘ब’ काविळीच्या गोळ्या : थांबवाव्या केव्हा?

हिपॅटायटिस बी, म्हणजेच ‘ब’ प्रकारची कावीळ, हा यकृताचा विषाणूजन्य रोग होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या शरीरात या रोगाचा दीर्घकालीन संसर्ग होता. त्यांच्यापैकी पुष्कळांचे डोळे कधीच पिवळे होत नाहीत. नाव काविळीचे असले तरी कावीळ दिसत नाही, म्हणून रोग गेला असे समजणे चुकीचे ठरते.

सर्वच बाधितांना औषध लागत नाही. काहींना केवळ ठरावीक काळाने तपासणी पुरते. ज्यांना औषध सुरू होते, त्यांना टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर यांची गोळी रोज घ्यावी लागते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व उपचार विनामूल्य आहेत.

गोळी काय करते?

गोळी विषाणूची वाढ रोखते, त्याचे मूळ उपटत नाही. हरळी वरून खुरपली तरी तिच्या काड्या जमिनीत राहतात आणि पाऊस पडताच पुन्हा फुटतात. त्याचप्रमाणे यकृताच्या पेशींच्या केंद्रकात विषाणूचा मूळ साचा टिकून राहतो. म्हणून रक्तात विषाणू आढळला नाही, हा अहवाल औषध चालू असल्याचा परिणाम होय. औषध सोडण्याची ती परवानगी नव्हे.

थांबवण्याचे निकष

यकृत आकसून निबर झाले असेल, म्हणजे सिरोसिस असेल, तर औषध आजन्म घ्यावे लागते. इतर रुग्णांत ‘ई’ प्रतिजन नाहीसे होऊन त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार झाले आणि विषाणू आढळेनासा झाला, तरी त्यानंतर किमान १२ महिने उपचार चालू ठेवतात. ज्यांच्यात ‘ई’ प्रतिजन मुळातच नसते, त्यांच्या बाबतीत पृष्ठभागीय प्रतिजन नाहीसे होणे ही सर्वांत भरवशाची खूण. पण गोळ्यांनी ती वर्षाला शंभरात एखाद्यालाच लाभते. विषाणू किमान ३ वर्षे सतत न आढळल्यास काही निवडक रुग्णांत तज्ज्ञ औषध थांबवून पाहतात. मात्र याचा लाभ युरोपीय वंशाच्या रुग्णांपेक्षा आशियाई रुग्णांत कमी दिसून आला आहे. शिवाय नियमित तपासणीची खात्री असेल तरच हा मार्ग खुला होतो. पहिले ३ महिने दरमहा आणि पुढे वर्षअखेरपर्यंत दर ३ महिन्यांनी रक्त तपासावे लागते.

जालना जिल्ह्यातील अडचण

नेमकी हीच खात्री स्थलांतरित कुटुंबांना देता येत नाही. जालना जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. उचल घेतलेली असते, कोयता थांबवता येत नाही. गोळ्या संपल्या तर फडातून दवाखाना गाठण्यात दिवसाची मजुरी बुडते. टेनोफोव्हिर बंद केल्यावर विषाणू उसळण्यास बहुधा पहिले काही महिनेच पुरतात, म्हणजे तो काळ नेमका फडावरच येतो. थकवा, अन्नावरची वासना जाणे, गडद लघवी ही लक्षणे श्रमाची वा उन्हाची समजली जातात. अशा उसळीत, विशेषतः सिरोसिसच्या रुग्णाचे, यकृत निकामी होऊन प्राणावर बेतू शकते. डोळे पिवळे झाल्यावर झाडपाल्याच्या औषधात घालवलेले दिवस परत मिळत नाहीत.

गावाने करावयाचे काम

हंगामापूर्वी ग्रामसभेत व शाळेत सर्वांनाच सांगावे : रोजची गोळी चालू असेल, तर निघण्यापूर्वी उपचार केंद्रात जाऊन तपासणी करून घ्यावी, मुक्कामाचे ठिकाण कळवावे, शक्य तितक्या दिवसांच्या गोळ्या व उपचाराची कागदपत्रे बरोबर न्यावीत आणि मुक्कामाजवळच्या केंद्राची माहिती विचारून घ्यावी. रुग्णांची नावे मात्र कोणी विचारू नयेत वा जाहीर करू नयेत. हा रोग रक्तातून, शरीरसंबंधातून व प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाला होतो. एका पंगतीत जेवल्याने किंवा एका बाकावर बसल्याने होत नाही. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळाला लस मिळाली, तर पुढच्या पिढीवर ही गोळी घेण्याची वेळ सहसा येणार नाही.

औषध थांबवण्याचा निर्णय तपासणीच्या आधारे डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो. तो रिकाम्या झालेल्या डबीने घेऊ नये, एवढी दक्षता गावाला निश्चितच घेता येईल.