सायलेन्सर बदलल्यास इंधनाचे प्रमाण बदलावे लागते काय?

मोटारसायकलीचा सायलेन्सर म्हणजे केवळ आवाज दाबणारा एक डबा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळे मूळ सायलेन्सर काढून बाजारात मिळणारा दुसरा बसविणे हे कित्येकांना आरसा बदलण्याइतके सोपे वाटते. मात्र तो बसविल्यावर वाहनमालकास दोन परस्परविरोधी सल्ले मिळतात. एक कारागीर सांगतो की, इंधन-इंजेक्शनची जुळणी पुन्हा केली नाही, तर एंजिन खराब होईल; दुसरा सांगतो की, आतील संगणक स्वतःच सर्व जुळवून घेतो. पहिला सल्ला सरसकट मानल्यास पैसा व्यर्थ जाण्याचा संभव असतो. दुसरा सरसकट मानल्यास एंजिनास अपाय होण्याचा. या दोहोंपैकी कोणता केव्हा खरा ठरतो, हे समजण्यासाठी एंजिन हवा कशी घेते आणि तिच्या मानाने इंधन कसे ठरते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

१. हवा आणि इंधन

शुद्ध पेट्रोलचे एक ग्रॅम पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इंधन याहून अधिक असल्यास मिश्रणास समृद्ध आणि कमी असल्यास विरळ म्हणतात. ३५० घन सेंटिमीटरच्या एका सिलिंडरचे चार धावांचे एंजिन घेऊ. एका चूषण-धावेत त्याने आपल्या आकारमानाच्या ८० टक्के हवा घेतली, तर ती २८० घन सेंटिमीटर, म्हणजे वजनाने सुमारे ३३६ मिलिग्रॅम भरते. तिला अचूक पुरेसे पेट्रोल सुमारे २३ मिलिग्रॅम होय. पूर्ण थ्रॉटलवर मात्र मिश्रण मुद्दाम समृद्ध ठेवतात. त्यामुळे शक्ती वाढते आणि निष्कास-झडपेचे तापमान आटोक्यात राहते. हे प्रमाण १३ धरल्यास पेट्रोल सुमारे २६ मिलिग्रॅम लागेल. ही अल्प मात्रा ५००० फेऱ्यांच्या वेगाने दर मिनिटास २५०० वेळा मोजून द्यावयाची असते.

२. सायलेन्सरचा हवेशी संबंध

जळून गेलेला वायू बाहेर पडण्याचा मार्ग बदलला, तर आत येणारी हवा का बदलावी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, निष्कास-झडप उघडताच नळीतून दाबाची एक लाट धावते. नळीच्या उघड्या टोकाशी किंवा रुंद भागाशी पोहोचल्यावर ती कमी दाबाची लाट होऊन परत फिरते. ग्रहण-झडप उघडू लागली असून निष्कास-झडप अद्याप पुरती मिटलेली नाही, अशा क्षणी ही लाट परत पोहोचली, तर उरलेला वायू बाहेर ओढला जातो व ताजी हवा अधिक शिरते. लाट अवेळी पोहोचली, तर उलट परिणाम होतो. म्हणून नळीची लांबी व आकार बदलल्यास एका वेगाला हवा वाढते आणि दुसऱ्या वेगाला ती घटूही शकते. ‘मोकळा सायलेन्सर म्हणजे अधिक शक्ती’ हे समीकरण त्यामुळेच सर्व वेगांना लागू पडत नाही.

३. नियंत्रकाला हवा कशी कळते?

कार्ब्युरेटरमध्ये वाहती हवाच पेट्रोल ओढून घेते. हवा वाढली, तर पेट्रोलही काही अंशी आपोआप वाढते. इंधन-इंजेक्शनमध्ये ई.सी.यू. हा विद्युत्-नियंत्रक इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवावयाचा, हे ठरवितो. बहुतेक मोटारसायकलींत हवेचे वजन प्रत्यक्ष मोजणारे साधन नसते. एंजिनाचा वेग, थ्रॉटलची स्थिती, ग्रहण-नळीतील दाब आणि हवेचे तापमान यांवरून नियंत्रक हवेचा अंदाज बांधतो व कारखान्यात भरलेल्या कोष्टकातून इंधनाचा आकडा घेतो. सुमारे ३५०० मीटर उंचीवरील लेह येथे हवा विरळ असते. परंतु दाब मोजला जात असल्यामुळे नियंत्रकाला ते समजते. सायलेन्सर बदलल्याचे सांगणारे साधन मात्र त्याच्याजवळ नाही. ते कोष्टक मूळ सायलेन्सर गृहीत धरून तयार केलेले असते.

४. ऑक्सिजन-संवेदकाची मदत आणि तिची मर्यादा

ही उणीव काही अंशी निष्कास-नळीतील ऑक्सिजन-संवेदक भरून काढतो. मिश्रण समृद्ध असल्यास तो सुमारे ०.८ व्होल्ट आणि विरळ असल्यास सुमारे ०.१ व्होल्ट दाब दर्शवितो. त्यानुसार नियंत्रक इंधन कमीअधिक करतो. ही दुरुस्ती किती समर्थ आहे, याचे उत्तम उदाहरण इंधनातच सापडते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ पट हवा लागते. म्हणजे तितक्याच हवेला जवळजवळ ९ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. संथ चालीत संवेदक असा फरक सांभाळू शकतो. केवळ मागील सायलेन्सर बदलल्याने होणारा फरक बहुधा याहून लहान असतो.

तथापि पूर्ण थ्रॉटलवर आणि एंजिन थंड असताना नियंत्रक संवेदकाकडे लक्ष न देता कोष्टकावरच विसंबतो. वरील उदाहरणात पूर्ण थ्रॉटलवर हवा ५ टक्क्यांनी वाढली आणि पेट्रोल तितकेच राहिले, तर १३ चे प्रमाण सुमारे १३.६ होईल. मिश्रण अजूनही समृद्धच राहील, पण राखून ठेवलेली सुरक्षिततेची कड तेवढी कमी होईल. हवा १५ टक्क्यांनी वाढल्यास ते प्रमाण १५ च्या आसपास जाऊन मिश्रण विरळ होईल. अशा स्थितीत दीर्घकाळ पूर्ण थ्रॉटल दिल्यास एंजिन फार तापते आणि ठोके येऊ लागतात.

संवेदकाची फसगतही होऊ शकते. त्याच्या अलीकडील सांधा सैल राहिल्यास बाहेरची हवा नळीत शिरते. संवेदक मिश्रण विरळ असल्याचे सांगतो आणि नियंत्रक कारण नसता पेट्रोल वाढवितो. थ्रॉटल मिटल्यावर नळीत होणारे फटफट आवाजही पुष्कळदा अशा सांध्यामुळेच होतात. तेथे नवी जुळणी नव्हे, नवे गॅस्केट हवे असते.

५. निर्णय कसा करावा?

पहिला प्रकार: संवेदक व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवून त्यांच्या पुढचा केवळ शेवटचा डबा बदलला असेल, तर जुळणी बहुधा आवश्यक नसते. सांधे घट्ट आहेत आणि एंजिनाचा इशारा-दिवा पेटत नाही, एवढे पाहावे.

दुसरा प्रकार: सिलिंडरपासूनची संपूर्ण नळी बदलली असेल, किंवा त्याबरोबर हवेची गाळणी वा तिची पेटीही बदलली असेल, तर जुळणी आवश्यक समजावी. ती अंदाजाने करता येत नाही. वाहन डायनॅमोमीटरवर चढवून व विस्तृत पल्ल्याच्या संवेदकाने प्रमाण मोजूनच वेगवेगळ्या वेगांचे आकडे बदलावे लागतात.

तिसरा प्रकार: नव्या नळीत संवेदकासाठी जागाच नसेल, तर ती बसवूच नये.

६. जुळणीने न सुटणारा प्रश्न

१ एप्रिल २०२० पासून भारतात नव्या वाहनांना भारत स्टेज ६ ची मानके लागू आहेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढल्यास कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे रस्त्यावर तशीच सोडली जातात. कोणतीही जुळणी त्याची भरपाई करू शकत नाही. वाहनास आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे बंधनकारक आहे. आवाजाच्या व हवेच्या प्रदूषणाची मानके मोडून वाहन चालविल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० अन्वये पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

सारांश, प्रश्न ‘सायलेन्सर बदलला काय’ असा नसून ‘एंजिनात जाणारी हवा किती बदलली, आणि ते नियंत्रकाला कळते काय’ असा आहे. बदल अल्प असेल आणि संवेदक शाबूत असेल, तर संगणक जुळवून घेतो, हे म्हणणे खरे ठरते. बदल मोठा असेल, तर पूर्ण थ्रॉटलवर त्याला कोणी सावध करीत नाही. कारागिराच्या सल्ल्यावर पैसे खर्च करण्यापूर्वी ‘हे मोजून सांगता काय?’ एवढा एक प्रश्न वाहनमालकाने विचारला, तरी त्याचा पैसा व एंजिन दोन्ही वाचतील.