रब्बी ज्वारी पाण्याचा ताण कसा सोसते?

जामखेड तालुक्यातील खर्डा परिसर पर्जन्यछायेत मोडतो. येथील कोरडवाहू रब्बी ज्वारी मुख्यतः परतीच्या पावसाने जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. घरची भाकरी आणि जनावरांचा कडबा, दोन्ही याच ओलीवर अवलंबून असतात. म्हणून हे पीक ताण कसा सोसते आणि कोठे कमी पडते, हे शेतकरी बंधूंनी समजून घ्यावे.

ताण सोसण्याची शक्ती

बटाट्याची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात. तो थर सुकला की पीक मागे पडते. ज्वारीची मुळे मात्र भारी जमिनीत चार-पाच फुटांपर्यंत जाऊन खालची ओल घेतात. पानांवर व धाटावर मेणाचा पांढरट थर असतो, त्यामुळे बाष्पीभवन कमी होते. ऊन तापले की पाने सुरळीसारखी गुंडाळतात व उन्हात येणारा पृष्ठभाग घटतो. ताण वाढल्यास पीक वाढ थांबवून धरते आणि पाणी मिळताच पुन्हा वाढू लागते. मोहोळ येथे 1930 च्या दशकात निवड पद्धतीने तयार झालेला मालदांडी 35-1 हा वाण याच गुणांमुळे टिकून राहिला.

कोठे कमी पडते?

पीक पोटरीत व फुलोऱ्यात असताना ताण बसल्यास कणसात दाणे कमी भरतात. दाणे भरताना ओल संपली, तर कणीस धाटातील साठवलेले अन्न ओढून घेते. धाट दुबळे होते, जमिनीतील बुरशी मुळांवाटे शिरते आणि खडखड्या रोग होतो. धाटे आतून पोकळ होऊन जमिनीलगत मोडतात. मग दाण्याबरोबर कडबाही हातचा जातो.

काय करावे?

1. पावसाळ्यात शेतात वाफे किंवा सऱ्या पाडून पाणी जागीच मुरवावे.
2. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळात, ओल पाहून उरकावी.
3. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे वाण जमिनीच्या खोलीनुसार निवडावेत. हलक्या जमिनीत फुले अनुराधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, तर भारी जमिनीत फुले वसुधा घ्यावा.
4. दोन ओळींत 45 सें.मी. व दोन रोपांत 15 सें.मी. अंतर ठेवून विरळणी करावी. दाट पिकात प्रत्येक ताटाच्या वाट्याला ओल कमी येते व खडखड्या वाढतो.
5. तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. शेवटची कोळपणी दातेरी कोळप्याने केल्यास भेगा बुजतात.
6. एकच पाणी देणे शक्य असेल, तर ते पीक पोटरीत असताना, म्हणजे 50 ते 55 दिवसांनी द्यावे.

ज्वारी काटक आहे, पण जमिनीत ओलच नसेल तर तिचाही इलाज चालत नाही. पावसाचे पाणी शेतातच मुरविणे हे रब्बीच्या तयारीचे पहिले काम समजावे.