चिपच्या आधी बोर्ड बघ

अगं, मामाच्या पीसीत आय-फाइव्ह २५००के आहे आणि तो ओव्हरक्लॉक केला की ४.५ गिगाहर्ट्झला सहज जातो असं तुला सगळे सांगताहेत, मग आपणही करावं का, हेच ना तुझं? जरूर कर. चिप गुणी आहे. २०११ च्या जानेवारीत आलेली, मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, वरचं झाकण आतून सोल्डरिंगने बसवलेलं, त्यामुळे उष्णता भराभर बाहेर येते. मला काळजी चिपची नाही, ती ज्या बोर्डावर बसलीय त्याची आहे.

आधी बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर वाच. एच६१ किंवा एच६७ असेल तर विषय तिथेच संपला, मल्टिप्लायर वाढवायची सोयच नसते त्यात. पी६७, झेड६८ किंवा झेड७७ हवा. पी६७ निघाला तर आणखी एक बघून घे. त्या चिपसेटच्या पहिल्या खेपेत साटा पोर्टांचा दोष निघाला होता, ३१ जानेवारी २०११ ला इंटेलने स्वतःच तो जाहीर केला. ३ जीबीपीएसचे पोर्ट काळाच्या ओघात कमजोर होऊ शकत होते. सुधारलेली आवृत्ती म्हणजे बी३. जुनी असेल तर हार्ड डिस्क ६ जीबीपीएसच्या पोर्टांनाच जोड.

आता कॅबिनेटची बाजू उघड आणि टॉर्च घेऊन प्रोसेसरच्या डाव्या-वरच्या कडेला बघ. चौकोनी कॉइल्सची रांग दिसेल, शेजारी काळे मॉसफेट, आणि नशीब चांगलं असेल तर त्यावर हीटसिंक. हे माझ्या मते अख्ख्या बोर्डावरचं सर्वांत कष्टाळू खातं. एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट ते सव्वा व्होल्टवर आणतं, आणि प्रोसेसर ९५ वॉट ओढतो तेव्हा तिथून ७५ च्या वर अँपिअर वाहतात. मॉसफेट उघडेच असतील, कॉइल्स तीन-चारच असतील, तर चाळीसच्या मल्टिप्लायरपुढे जायचं नाही, चिप कितीही होकार देवो. कॅपॅसिटरचे माथेही बघ. सपाट हवेत. एखादा जरी फुगलेला किंवा खाली तपकिरी डाग दिसला तर ओव्हरक्लॉकिंगचं नावही काढू नकोस. असा बोर्ड गेला की त्याच तोलाचा नवा मिळत नाही, जुन्या बाजारात शोधत बसावं लागतं आणि तिथे गॅरंटी कोण देणार?

बोर्ड ठीक निघाला की धूळ काढ, जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लाव. चार पुशपिनांचा मूळ कूलर या कामाचा नाही. टॉवर कूलर घे, त्यात पैसे वाचवू नकोस. लाइट गेल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल तर बोर्डावरचा सेलही बदल, नाहीतर बायोसमधलं सगळं सेटिंग पुसलं जाईल.

बायोसमध्ये गेलीस की बेस क्लॉक १०० वरच राहू दे. या पिढीत साटा आणि पीसीआय एक्सप्रेसचा तालही त्याच घड्याळावर चालतो. तिथे ओढाताण केलीस तर आधी डिस्क बिघडेल. फक्त मल्टिप्लायर वाढव. व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नकोस, बोर्ड गरजेपेक्षा जास्तच देतो. एकेक पायरी चढ, दर पायरीला प्राइम९५ चालव आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघत राहा. हँग झालं तर व्होल्टेज अगदी थोडं वाढव. पुढच्या पायरीला चिप व्होल्टेजची मोठी उडी मागू लागली की एक पायरी खाली ये आणि तिथेच थांब.

असं का, ते आकड्यांत सांगते, म्हणजे मनात पक्कं बसेल. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समज १.२ व्होल्टवर ३.३ चालतंय. ४.२ ला १.३ लागले तर उष्णता साधारण दीडपट. ४.५ ला १.४ लागले तर पावणेदोन पटींच्याही वर. म्हणजे शेवटच्या सात टक्के वेगासाठी उष्णता चोवीस-पंचवीस टक्के जास्त, आणि त्यासाठीची जादा वीज त्या जुन्या मॉसफेटमधूनच जायची. त्या ४.५ च्या आकड्याचा मोह सोड गं. ४.२ ला तुझ्या एडिटिंगमध्ये जो फरक पडेल तोच खरा, पुढचं सगळं मित्रांना स्क्रीनशॉट दाखवायला.

शिवाय तू नागपुरात आहेस. डिसेंबरात खोली २० अंशांना असताना फुल लोडवर ७० दिसलं म्हणून खूश होऊ नकोस, मे महिन्यात खोलीच ३८-४० ला जाते आणि तेवढेच अंश वर चढतात. ९८ च्या आसपास ही चिप स्वतःहून वेग कमी करते. म्हणून थंडीत ६५ च्या आत राहील असंच ठेव. आणि खोलीतल्या कूलरच्या झोतात कॅबिनेट कधीही ठेवू नकोस. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा आपल्याला गार वाटते, पण ती ओली असते.

काही गोष्टी मात्र वेग वाढवून येणार नाहीत. चार कोर, चार थ्रेड, एवढंच राहणार. एव्हीएक्स२ या चिपमध्ये नाही, त्यामुळे ते मागणारं सॉफ्टवेअर चालणारच नाही. विंडोज ११ ची अधिकृत साथही नाही. डिस्क अजून फिरणारी असेल तर आधी एसएसडी घाल, तोच पैसा जास्त कामी येईल.

सगळ्यांत कळकळीचं सांगते. अर्धवट स्थिर मशीन नेहमी ब्लू स्क्रीन देऊन सावध करत नाही. कधी गुपचूप एखादी फाइल खराब करून ठेवतं. तुझ्याकडे लोकांच्या लग्नाचं फुटेज असतं, आणि ते पुन्हा शूट करता येत नाही. त्यामुळे रात्रभर टेस्ट पार होईपर्यंत ऑर्डरचं काम या पीसीवर घेऊ नकोस, आणि मूळ फुटेजची एक प्रत कायम वेगळ्या डिस्कवर ठेव.

सॉकेटच्या कडेचा फोटो दिवसाउजेडी काढ आणि मला पाठव. एसएमपीएसवरचं लेबलही वाचता येईल असं घे. मल्टिप्लायरला हात लावण्याआधी ते मला बघू दे.